तीन तुकड्या, एक पेपर: दुबईतल्या एका भौतिकशास्त्र विभागाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

दुबईत केंब्रिजचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या एका खासगी शाळेत हे घडले. माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून गावे आणि काही तपशील बदलले आहेत. मी तेव्हा तिथे विज्ञान विभागाची समन्वयक होते. माझा विषय रसायनशास्त्र. त्यामुळे भौतिकशास्त्राच्या तासांना मागच्या बाकावर बसताना मला शिकवणाऱ्याकडे नीट पाहता आले, विषयात अडकून पडायला झाले नाही.

ए-लेव्हलच्या, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या तोडीच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या, पहिल्या वर्षाला तीन तुकड्या होत्या. एक सांगलीकडच्या मॅडमची, दुसरी लागोसहून आलेल्या सरांची, तिसरी आयर्लंडमधल्या कॉर्कच्या एका शिक्षकाची. चौथ्या शिक्षिका कैरोच्या. त्या आयजीसीएसईचे, म्हणजे दहावीच्या तोडीच्या केंब्रिज परीक्षेचे, खालचे वर्ग घेत. मुलेही अशीच देशोदेशीची. भारतीय मुले बरीच, आणि त्यातल्या अनेकांच्या घरी जेईईचा विचार आठवीपासून सुरू झालेला. जेईई मेनचे केंद्र दुबईतच असते, त्यामुळे केंब्रिज आणि जेईई दोन्ही एकदम करायचे, अशी पालकांची सरळ अपेक्षा होती.

परीक्षेची रचना सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्याभोवती फिरते. पहिल्या वर्षी तीन पेपर: 40 बहुपर्यायी प्रश्नांचा एक, 60 गुणांचा लेखी एक आणि 40 गुणांची दोन तासांची प्रयोगपरीक्षा. दुसऱ्या वर्षी 100 गुणांचा लेखी पेपर आणि 30 गुणांचा नियोजन व विश्लेषणाचा पेपर. हा शेवटचा पेपर प्रयोगाबद्दलच असतो, पण तो कागदावर सोडवायचा असतो.

चौघे कुठल्या शाळेतून आले

सांगलीच्या मॅडम दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकल्या. अकरावीला विज्ञान इंग्रजीत सुरू झाले. पुढे शिवाजी विद्यापीठातून एमएस्सी, मग बीएड, मग कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षे नोकरी आणि संध्याकाळी क्लास. बारावीच्या भौतिकशास्त्राची गुणविभागणी सगळ्यांना ठाऊक आहे: 70 गुण लेखी, 30 गुण प्रात्यक्षिक. सिद्धता पाठ, व्याख्या शब्दन् शब्द अचूक, उदाहरणे भरपूर. त्यांच्या फळ्यावर एकही ओळ वाया जात नसे.

लागोसच्या सरांची शालान्त परीक्षा पश्चिम आफ्रिकेची. नायजेरिया, घाना आणि शेजारच्या आणखी काही देशांची ही सामाईक परीक्षा घेणारे मंडळ 1952 साली स्थापन झाले. तिच्या प्रात्यक्षिकात मोजमापांचा तक्ता, आलेख, उतार आणि शेवटी 'घेतलेल्या दोन दक्षता लिहा' हा प्रश्न ठरलेला. शाळेत उपकरणे कमी. मीटरपट्टी, दोरा, वजने, स्प्रिंग एवढ्यावर ते शिकले आणि पुढे तेवढ्यावरच त्यांनी शिकवलेही.

कॉर्कच्या शिक्षकाने आयर्लंडची लीव्हिंग सर्टिफिकेट परीक्षा दिली होती. त्यांच्या काळी तिथे भौतिकशास्त्राची वेगळी प्रात्यक्षिक परीक्षा नव्हती. ठरवून दिलेले प्रयोग प्रत्येकाने वर्षभरात करायचे, नोंदी ठेवायच्या, आणि लेखी पेपरच्या एका विभागात त्याच प्रयोगांवर प्रश्न सोडवायचे. हा आकडा असा का आला, उपकरण बदलले तर काय होईल, असे प्रश्न त्यांना शाळेतच विचारले गेले होते. नंतर इंग्लंडमध्ये काही वर्षे शिकवताना ती सवय पक्की झाली.

कैरोच्या शिक्षिकेने सानविया आम्मा दिली होती. इजिप्तमध्ये त्या परीक्षेच्या टक्केवारीवर वैद्यकीय की अभियांत्रिकी की आणखी काही, हे ठरते, आणि खासगी शिकवण्या घरोघरी चालतात. आपल्याकडच्या बारावीच्या वर्षाशी त्याचे इतके साम्य, की सांगलीच्या मॅडम आणि त्या पहिल्या आठवड्यातच मैत्रिणी झाल्या.

अडचण

पहिल्या सत्राच्या शेवटी तिन्ही तुकड्यांना एकच पेपर दिला. एकूण गुण फारसे वेगळे नव्हते, म्हणून सुरुवातीला कोणाला काही जाणवले नाही. प्रश्नवार तक्ता मांडला तेव्हा चित्र उघड झाले.

मॅडमच्या तुकडीने गणिते आणि व्याख्या जवळपास निर्दोष लिहिल्या. केंब्रिजला व्याख्येतला प्रत्येक शब्द लागतो. विभवांतर म्हणजे एकक प्रभारामागे रूपांतरित झालेली ऊर्जा, यातले 'एकक प्रभारामागे' गळले की गुण गेला. त्यांच्या मुलांचा तो कधी गेला नाही. पण 'स्पष्ट करा' म्हटले की तीच मुले सूत्र लिहून थांबत. कॉर्कच्या शिक्षकाची मुले दीड पान सुंदर समजावून सांगत आणि आकडेमोडीत घसरत. लागोसच्या सरांची तुकडी मधोमध होती.

प्रयोगपरीक्षेच्या सरावात फरक आणखी रुंदावला. या पेपरच्या दुसऱ्या प्रश्नात शेवटी केलेल्या प्रयोगाच्या चार मर्यादा आणि चार सुधारणा लिहायच्या असतात. मॅडमच्या आणि लागोसच्या सरांच्या मुलांनी जवळपास एकसारखे लिहिले: पराशय दोष टाळला, मोजमापे पुन्हा घेतली, पंखा बंद ठेवला. केंब्रिजच्या गुणदान पद्धतीत अशा मोघम वाक्यांना काही मिळत नाही. तिथे हवे असते ते असे: पट्टी हातात धरल्यामुळे ती उभी राहिली नाही, म्हणून उंची नेमकी वाचता आली नाही, ती स्टँडला अडकवून गुण्याने तपासावी. किंवा असे: दोनच मोजमापांवरून निष्कर्ष काढता येत नाही, जास्त मोजमापे घेऊन आलेख काढावा.

अनिश्चिततेचेही तसेच. मॅडमच्या तुकडीने दोलकाच्या वेळेतली अनिश्चितता 0.01 सेकंद लिहिली, कारण स्टॉपवॉचचे लघुतम माप तेवढे. आपल्याकडे हेच शिकवतात आणि आपल्या परीक्षेत ते बरोबरही धरले जाते. केंब्रिजला बटण दाबणाऱ्या बोटाचा उशीर धरायचा असतो, म्हणजे काही दशांश सेकंद.

हे सगळे विभागात राहिले असते तर शांतपणे सुटले असते. पण मुलांनी घरी उत्तरपत्रिका दाखवल्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटात विषय पेटला. काही भारतीय पालकांनी मुलाला मॅडमच्या तुकडीत हलवा असे लेखी दिले. दुसऱ्या बाजूने तक्रार आली की मॅडम पाठांतर करून घेतात. लागोसच्या सरांबद्दलचे एक पत्र तर त्यांच्या देशावर घसरले होते. ते मी आजही विसरलेले नाही. त्या पत्राला शाळेने त्याच दिवशी स्पष्ट शब्दांत उत्तर दिले, आणि ते द्यायलाच हवे होते.

समोरचे पर्याय

प्राचार्यांचा कल एकसारखेपणाकडे होता. तिन्ही तुकड्यांना एकच स्लाइड, एकच वर्कशीट, एकच क्रम. दुबईत खासगी शाळांची तपासणी केएचडीए या सरकारी शिक्षण प्राधिकरणाकडून होते. तपासणीच्या वेळी एकसारखे काम दाखवायला सोपे जाते. यातली अडचण मला पहिल्याच आठवड्यात दिसली. कॉर्कच्या शिक्षकाच्या स्लाइड मॅडमनी वापरून पाहिल्या. स्लाइडवर 'चर्चा करा' असे होते. त्यांनी प्रश्न वाचला, दहा सेकंद थांबल्या आणि उत्तर स्वतःच सांगून टाकले. सवय तर हलली नव्हतीच, वर त्यांच्या हातातला फळाही गेला होता.

दुसरा पर्याय पालकांचा: मुले हलवायची. तो मान्य केला असता तर वर्षभरात भारतीयांची एक आणि इतरांची एक अशा तुकड्या पडल्या असत्या. मला तो कोणत्याही किमतीवर नको होता आणि मी तसे बैठकीत सांगितले.

तिसरा, विषय वाटून घ्यायचे. ए-लेव्हलला दोन शिक्षकांनी घटक वाटून शिकवणे अनेक शाळांत चालते. यांत्रिकी एकाकडे, तरंग दुसऱ्याकडे. हा पर्याय व्यवहार्य होता, पण वेळापत्रक वर्षाच्या मध्यात मोडावे लागले असते.

चौथा कॉर्कच्या शिक्षकाने सुचवला. वर्ग जसे आहेत तसे राहू द्या. फक्त प्रयोगाचे तास तिघांनी मिळून घ्यायचे आणि सराव पेपर एकमेकांचे तपासायचे. तिघांपैकी दोघांना हे पटले. मॅडम गप्प होत्या.

निर्णयाचा पहिला टप्पा: विचारून पाहणे

बैठकीनंतर मॅडमशी मी एकटीने बोलले. चर्चा इंग्रजीत सुरू झाली आणि दोन मिनिटांत मराठीवर आली.

"मॅडम, तुम्हाला यात काय खटकतंय?"

"खटकत काही नाही हो. पण मी प्रयोग शिकवायचा म्हणजे काय शिकवायचं ते सांगा. आमच्या कॉलेजात एका मीटर ब्रिजवर पाच-पाच जण. तारेवर टेकवायची जॉकी माझ्या हातात कधी आलीच नाही, मी आकडे लिहून घेणारी. उत्तर काय यायला पाहिजे ते सगळ्यांना माहीत असायचं. जर्नलवर सही झाली की प्रयोग झाला."

नंतर शिकवू लागल्यावर त्यांनीही तशाच सह्या केल्या, कारण वर्गात मुले शंभरच्या पुढे आणि प्रयोगशाळा एक. त्यांनी हे कमीपणाने सांगितले नाही, तक्रारीनेही नाही. मला मात्र त्या क्षणी प्रश्नवार तक्त्याचा अर्थ लागला. त्यांची मुले तशी लिहीत होती, कारण मॅडमची स्वतःची परीक्षा त्यांना तेवढेच विचारत आली होती. लागोसच्या सरांकडे गेले तर तीच गोष्ट वेगळ्या तपशिलात निघाली. 'दक्षता लिहा' हा प्रश्न त्यांनी विद्यार्थी म्हणून सोडवला होता आणि शिक्षक म्हणून वर्षानुवर्षे घोटून घेतला होता.

यात एक गंमत आहे, जी मला फार महत्त्वाची वाटते. सांगलीची 'दक्षता' आणि लागोसची 'दक्षता' या दोन्ही जुन्या ब्रिटिश शालेय परीक्षेच्या वारशातल्या आहेत. इंग्लंडने 1960च्या दशकात नफील्ड प्रकल्पापासून शालेय विज्ञानाला शोधाच्या दिशेने वळवायला सुरुवात केली. वसाहतींत गेलेली परीक्षा मात्र आपल्या वाटेने चालत राहिली. म्हणजे दोन खंडांतले हे दोघे एका अर्थाने एकाच शाळेचे विद्यार्थी होते, आणि पालक त्यांच्यात भारतीय आणि आफ्रिकन असा भेद करत होते.

यानंतर आम्ही बैठकीची कार्यक्रमपत्रिकाच बदलली. चौघांनी आपल्या शालान्त परीक्षेचा एक जुना प्रश्न आणायचा आणि त्यात पूर्ण गुण कसे मिळत ते इतरांना शिकवायचे. कोणी कोणाची चूक काढायची नाही. कैरोच्या शिक्षिका यायला बांधील नव्हत्या, तरी आल्या.

निर्णयाचा दुसरा टप्पा: बळ कुठे आहे

त्या बैठकांतून जे हाती लागले त्याचा अंदाज कोणी केला नव्हता.

केंब्रिजच्या प्रयोगपरीक्षेचे साहित्य फार साधे असते: लाकडी पट्टी, दोरा, स्प्रिंग, वजने, क्लँप, थोड्या तारा. लागोसच्या सरांचे अख्खे शिक्षण याच साहित्यावर झालेले. पट्टी पाचरीवर तोलून अज्ञात वस्तुमान काढण्याचे कितीतरी प्रकार त्यांना येत होते. एखाद्या मांडणीत पट्टी कुठे सरकेल, गाठ कुठे घसरेल, हे ते उपकरण उभे करायच्या आधी सांगत. मर्यादा लिहायला नेमकी हीच नजर लागते. त्यांनी ती आजवर मांडणी सुधारण्यात वापरली होती. कागदावर लिहायची असते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

मॅडमचे बळ दुसऱ्या वर्षाच्या पेपरमध्ये निघाले. तिथे एक राशी दुसरीच्या एखाद्या घाताच्या प्रमाणात बदलते असा संबंध सरळ रेषेत आणावा लागतो. दोन्ही राशींचे लॉगॅरिदम घ्यायचे, उतारावरून घातांक आणि आंतरछेदावरून स्थिरांक काढायचा. मुले कॅल्क्युलेटरचे बटण दाबून आलेख काढत, पण रेषा सरळ का आली ते सांगू शकत नसत. आपल्या बारावीला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते. मॅडमनी लॉग टेबलची पाने वर्षानुवर्षे उलटली होती. गुणाकाराची बेरीज होते हे त्यांच्या बोटांत होते. त्यांनी जुने लॉग टेबल वर्गात आणले, दोन गुणाकार त्यावर करून दाखवले आणि मगच आलेखाला हात घातला. तो तास मी पाहिला. तिन्ही तुकड्यांच्या मुलांना एकत्र बसवून घेतलेला तो आमचा पहिला तास, आणि विभागातला माझा सर्वांत आवडता.

कॉर्कच्या शिक्षकाने बलाच्या संकल्पनांवरची अमेरिकेत 1992 साली प्रसिद्ध झालेली, आता 30 बहुपर्यायी प्रश्नांची असलेली चाचणी तिन्ही तुकड्यांना द्यायचे सुचवले. तिच्यात आकडेमोड नसते. त्यांना वाटत होते की चर्चेवर वाढलेली त्यांची मुले पुढे असतील. तसे झाले नाही. वर फेकलेल्या चेंडूवर वर जाताना वरच्या दिशेने बल असते, हा समज तिन्ही तुकड्यांत सारखाच घट्ट बसलेला निघाला. ते शिक्षक त्या दिवशी अस्वस्थ झाले, पण निकाल त्यांनीच बैठकीत मांडला. याच चाचणीवर आधारलेला 1998 सालचा 6,542 विद्यार्थ्यांचा अमेरिकी अभ्यास त्यांनी दाखवला. पारंपरिक पद्धतीच्या अभ्यासक्रमांत शक्य सुधारणेपैकी सरासरी 23 टक्के झाली होती, मुलांना सक्रिय करणाऱ्या पद्धतींत 48 टक्के. "म्हणजे नुसते बोलणे पुरत नाही, आधी भाकीत करायला लावून मग प्रयोग दाखवायला हवा," असे त्यांनी त्यातून काढले. मॅडमनी लगेच वहीत लिहून घेतले.

काय केले

प्रयोगाचे तास एकत्र केले. शुक्रवारी शाळा लवकर सुटते, तासही आखूड असतात, म्हणून ते आठवड्याच्या मध्यावर आणले. मांडणीची जबाबदारी लागोसच्या सरांकडे, मर्यादा व सुधारणा लिहिण्याची कॉर्कच्या शिक्षकाकडे, तक्ता, आलेख आणि अनिश्चितता मॅडमकडे. अनिश्चितता मॅडमकडे देणे हा मुद्दाम घेतलेला निर्णय होता. जिथे त्यांची परीक्षा आणि ही परीक्षा वेगळी होती, तीच बाजू त्यांनी स्वतः तपासून शिकवावी, असे आम्हा दोघींचे ठरले.

सराव पेपर प्रत्येकाने दुसऱ्याच्या तुकडीचे तपासले. पहिल्या फेरीत वाद झाले, विशेषतः 'अर्थ कळतोय की' म्हणून गुण द्यावेत का यावर. गुणदान पत्रिका मधे ठेवून ते मिटले.

दुसऱ्या वर्षी चिन्हांचा प्रश्न आला. थर्मोडायनॅमिक्सचा पहिला नियम एनसीईआरटीच्या भौतिकशास्त्रात असा: दिलेली उष्णता म्हणजे आंतरिक ऊर्जेतली वाढ आणि वायूने केलेले कार्य यांची बेरीज. केंब्रिज कार्य वायूवर झालेले धरते आणि उष्णतेत ते मिळवून आंतरिक ऊर्जा काढते. दोन्ही बरोबर, पण चिन्ह उलटे. जेईईची तयारी करणारी मुले सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे वापरत होती. मॅडमचे म्हणणे, दोन्ही शिकवू. इतरांचे म्हणणे, एकच. शेवटी ठरले की शाळेत फक्त केंब्रिजचे रूप वापरायचे, आणि प्रत्येक उदाहरणाच्या सुरुवातीला 'कार्य कोणी कोणावर केले' हे वाक्य लिहायचे. ते वाक्य लिहिणारा मुलगा कुठल्याही रूपात चुकत नाही, हे मॅडमनीच जेईईच्या उदाहरणांवर करून दाखवले.

पालकांसाठी एक संध्याकाळ ठेवली. भाषण केले नाही. त्यांनाच मर्यादा-सुधारणांचा प्रश्न सोडवायला दिला. त्यानंतर तुकडी बदलण्याचे अर्ज थांबले. जेईईसाठी शाळेतच वेगळा तास हवा, ही मागणी मात्र थांबली नाही.

परिणाम

प्रयोगपरीक्षेत तिन्ही तुकड्यांतले अंतर जवळजवळ मिटले. लेखी पेपरमध्ये सुधारणा सावकाश आली आणि सारखी आली नाही. मॅडमच्या तुकडीची 'स्पष्ट करा' प्रकारची उत्तरे सुधारली, कॉर्कच्या तुकडीची आकडेमोड तितकी सुधारली नाही. दुसऱ्या वर्षाच्या नियोजनाच्या पेपरमध्ये मुले ठळकपणे पुढे गेली आणि त्याचे श्रेय मी निःसंकोच लॉग टेबलला देते.

किंमतही मोजावी लागली. एकत्र तासांच्या तयारीत शिक्षकांचे मोकळे तास गेले, आणि शाळेने त्याबद्दल वेळापत्रकात काही सोडले नाही. कॉर्कचे शिक्षक दोन वर्षांनी परत गेले. त्यांची जागा भरेपर्यंत ती व्यवस्था डळमळली, कारण ती माणसांवर उभी होती आणि कागदावर फारसे काही उतरवलेले नव्हते.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, कैरोच्या शिक्षिकेला आणि आयजीसीएसईच्या वर्गांना पहिल्या दिवसापासून घ्यायला हवे होते. पुढच्या वर्षी खालून आलेली मुले तीच मोघम वाक्ये घेऊन आली. गुरुत्व त्वरणाचा आकडासुद्धा तसाच: आयजीसीएसईने 2023च्या अभ्यासक्रमापासून 10 सोडून 9.8 घेतला, ए-लेव्हल 9.81 घेते, आणि जुन्या वर्कशीटांत 10 तसाच राहिला होता. हे एका दुपारी दुरुस्त होण्यासारखे होते.

दुसरे, प्रश्नवार तक्ता सहामाहीच्या शेवटी न मांडता पहिल्या चाचणीनंतर मांडायचा. एकूण गुणांनी सगळे झाकले होते.

तिसरे, जेईईबद्दल शाळेने प्रवेशाच्या वेळीच लेखी भूमिका घ्यायला हवी होती. केंब्रिजच्या भौतिकशास्त्रात कलनशास्त्र लागत नाही, जेईईत त्याशिवाय पान हलत नाही. हे अंतर एकट्या शिक्षिकेने संध्याकाळच्या वेळात भरून काढावे, ही अपेक्षा मला तेव्हाही अन्यायाची वाटली आणि आजही वाटते. तो प्रश्न सुटलेला नाही.

नेमणुकीची पद्धत मात्र बदलली. आता भौतिकशास्त्राच्या उमेदवाराला मुलाखतीत एका विद्यार्थ्याचे मर्यादा-सुधारणांचे उत्तर तपासायला देतात. आधी तो शिकला त्या देशाच्या पद्धतीने, मग केंब्रिजच्या गुणदान पत्रिकेने. दोन्ही वेळचे गुण शेजारी लिहून फरक का पडला ते त्याने समितीला सांगायचे असते, आणि समितीत सांगलीच्या मॅडम असतात.